पलीकडच्या शाळेतली मुलं

दोन गावांतल्या मुलांनी एकमेकांना न भेटता मिळून अभ्यास करायचा, ही कल्पना इंटरनेटबरोबर आली असं आपण धरून चालतो. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. पण हे प्रकरण चांगलं शंभर वर्षांचं आहे, आणि त्याची सुरुवात एका मास्तरच्या अधू छातीपासून होते.

सेलेस्तँ फ्रेने हा फ्रान्समधला शिक्षक. पहिल्या महायुद्धात १९१७ साली त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली. १९२० मध्ये तो दक्षिणेतल्या बार-सुर-लू नावाच्या डोंगरातल्या गावी शाळेत लागला, तेव्हा वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणं त्याला झेपत नसे. मास्तरला बोलता येत नाही म्हटल्यावर वर्ग चालणार कसा? त्याने मुलांना गावात फिरायला न्यायला सुरुवात केली. परत आल्यावर मुलं जे पाहिलं ते सांगत, फळ्यावर लिहीत. १९२४ च्या सुमारास त्याने एक छोटं छपाईयंत्र वर्गात आणलं. मुलं स्वतः खिळे जुळवून आपलाच मजकूर छापू लागली.

आता छापलं तर वाचणारं कुणी हवं ना! (हे दुःख इथे लिहिणाऱ्या मंडळींना वेगळं समजावून सांगायला नको.) आई-बाप एकदा वाचतील, दोनदा वाचतील. १९२६ मध्ये फ्रेनेला जोडीदार मिळाला. ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगंक या समुद्रकाठच्या गावातला शिक्षक, रने दानिएल. दोन शाळांमध्ये छापील पानांची नियमित देवाणघेवाण सुरू झाली. पानांबरोबर पत्रं आणि पार्सलंही. एकीकडे डोंगरातली पोरं, ज्यांच्या गावात अत्तरासाठी नारिंगाच्या फुलांचा व्यवसाय होता, आणि दुसरीकडे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला समुद्राच्या वासात वाढलेली पोरं. आपल्या गावात जे रोज दिसतं ते दुसऱ्याला ठाऊकच नाही, ही गोष्ट या मुलांना पत्रातून कळली. ते कळलं की माणूस आपल्या गावाकडे नीट बघायला लागतो. पलीकडचा विचारतो, "म्हणजे कसं?" आणि मग सांगावं लागतं.

आपल्याकडे त्याच सुमारास, १९२४ ते १९३० या काळात, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. दैनिक म्हणतोय मी, साप्ताहिक नव्हे! ते मात्र वसतिगृहापुरतं होतं. पुढे प्रांताप्रांतांतल्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावं म्हणून त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न मांडलं. त्याला मूर्त रूप येण्याआधीच, जून १९५० मध्ये, ते गेले. फ्रेने आणि साने गुरुजी यांना एकमेकांची नावं ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तरी एकाच दशकात दोन टोकांना दोन मास्तर मुलांसाठी वर्तमानपत्र काढत बसलेले, हे चित्र मला फार आवडतं.

हा सगळा शोध मी का घेत बसलो, तर आमची भाची. ती पालघर तालुक्यात पूर्वेकडे, हायवेच्या पलीकडे, एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पट थोडा, मुलं बहुतेक वारली. तिने एकदा विचारलं, "मामा, दुसऱ्या देशातल्या शाळेशी व्हिडिओवर जोडून घ्या असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. याने माझ्या पोरांना नेमकं काय मिळणार? का नुसता फोटो काढायचा आणि वर पाठवायचा?" प्रश्न साधा नव्हता. तिच्याकडे आठवड्याचे तास मोजके, नेटवर्क कधी असतं कधी नसतं. तो वेळ अक्षरओळखीत घालवावा की पलीकडच्या मुलांना हात हलवून दाखवण्यात, हे तिला ठरवायचं होतं. म्हटलं, आधी इतिहास बघू. कुणी काय केलं, त्यातून काय निघालं.

तर मंडळी, तारांवरून शाळा जोडायचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं १९८० च्या दशकात. अमेरिकेत मार्गारेट रील यांनी ‘लर्निंग सर्कल’ नावाची पद्धत बसवली. सहा-आठ शाळांचा एक गट. प्रत्येक शाळेने एक विषय मांडायचा, बाकीच्यांनी त्याला आपापल्या गावची माहिती पुरवायची, आणि ठरलेल्या मुदतीत सगळ्यांची मिळून एक पुस्तिका निघायची. आपल्या भिशीसारखंच की! प्रत्येकाची पाळी येते आणि प्रत्येकाला दर वेळी काहीतरी टाकावं लागतं. भिशी बुडते ती कुणीतरी आपली पाळी झाल्यावर टाकायचं थांबवतो म्हणून. या गटांचंही तसंच होत असणार, म्हणूनच वेळापत्रकावर एवढा भर.

१९८८ मध्ये पीटर कोपेन या गृहस्थांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क राज्यातल्या बारा आणि मॉस्कोतल्या बारा शाळा जोडल्या गेल्या. शीतयुद्ध अजून संपलेलं नव्हतं, बर्लिनची भिंत उभी होती. दोन्ही देशांची क्षेपणास्त्रं एकमेकांच्या शहरांवर रोखलेली असताना त्याच शहरांतली शाळकरी मुलं कॉम्प्युटरवरून एकमेकांना निरोप पाठवत होती. यातूनच ‘आयअर्न’ हे शाळांचं जाळं उभं राहिलं, १९९४ साली अर्जेंटिनात त्याची रीतसर स्थापना झाली, आणि पुढे त्यात भारतातल्या शाळाही आल्या. त्यांची एक अट मला भावली. कुठलाही प्रकल्प घ्या, पण त्याने जगातल्या कुणाचं तरी जगणं थोडं बरं कसं होईल ते सांगा. नुसती ओळखपाळख चालणार नाही.

१९९० मध्ये नॉर्वेच्या ऑड द प्रेस्नो यांनी ‘किडलिंक’ सुरू केलं. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. आत यायचं तर चार प्रश्नांची उत्तरं द्यायची: मी कोण, मोठेपणी काय व्हायचंय, मोठा होईन तेव्हा जग कसं असावं, आणि त्यासाठी मी आत्ता काय करू शकतो. हे वाचलं आणि मी स्वतःच अडकलो. पहिल्या प्रश्नालाच! दहा वर्षांचं पोर मात्र धडाधड उत्तरं देतं.

तेव्हा भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला अजून पाच वर्षं होती. विदेश संचार निगमने ती सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केली, तीही मोजक्या मोठ्या शहरांत. केळव्याला त्या काळी ट्रंक कॉल लागला तरी शेजारीपाजारी जमा व्हायचे.

या जुन्या प्रकल्पांची मला दोन सरळ ढिगांत वाटणी दिसते. पहिल्या ढिगात ओळखीचे प्रकल्प. तुम्ही काय खाता, सण कोणते, शाळेचा गणवेश कसा. दुसऱ्या ढिगात असे प्रकल्प, ज्यांत एकट्या शाळेला उत्तर मिळूच शकत नाही. पलीकडची शाळा नसेल तर प्रकल्पच नाही. माझा कल उघडच दुसऱ्या ढिगाकडे आहे.

उदाहरणार्थ नॅशनल जिऑग्राफिक आणि ‘टर्क’ या संस्थेचं ‘किड्स नेटवर्क’, १९८० च्या दशकाच्या अखेरचं. त्यातला गाजलेला भाग आम्लपावसाचा. मुलांनी आपल्या गावात पडणारा पाऊस भांड्यात धरायचा, त्याची आम्लता मोजायची, आकडा मोडेमवरून पाठवायचा. सगळ्या शाळांचे आकडे नकाशावर मांडून परत यायचे. आपल्या एका गावच्या आकड्यातून काहीच कळत नाही. शेकडो गावांचे आकडे शेजारी शेजारी आले की दिसतं, धूर कुठे निघतो आणि पाऊस कुठे आंबट होतो. हे वाचताना मला सारखं आमचं बोईसर दिसत होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सगळ्यात वरच्या क्रमांकावर होतं. (पहिला नंबर आला, पण पेढे वाटण्याजोगा नाही.) केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, बोईसर, तारापूर, चिंचणी, इतक्या जवळजवळ शाळा. पावसाळ्यातला एक महिना एवढ्या शाळांनी पाऊस मोजला तर? लिटमसच्या कागदाला फारसा खर्च नाही. हो, लिटमसने बारीक फरक कळत नाही, त्याला पीएच पट्ट्या लागतील. पण त्याही काही सोन्याच्या नाहीत.

‘ग्लोब’ हा असाच एक कार्यक्रम. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी १९९४ च्या वसुंधरा दिनी त्याची घोषणा केली. मुलांनी तापमान, पाऊस, ढग, माती यांची मोजमापं ठरलेल्या पद्धतीने घ्यायची आणि ती शास्त्रज्ञांनाही वापरता यावीत. भारत त्यात २००० साली सामील झाला. आणि ‘जर्नी नॉर्थ’, १९९४ पासूनचा, हा माझा सगळ्यात लाडका. मोनार्क नावाची फुलपाखरं कॅनडा-अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळ्याला जातात आणि वसंतात परत निघतात. वाटेवरच्या शाळांतल्या मुलांनी पहिलं फुलपाखरू कधी दिसलं ते कळवायचं. नकाशावर ठिपके सरकत जातात. शिवाय शरद ऋतूत उत्तरेकडची मुलं कागदी फुलपाखरं करून मेक्सिकोतल्या मुलांना पाठवतात, तिथल्या शाळा ती सांभाळतात, आणि खरी फुलपाखरं परत निघाली की कागदीही परत पाठवतात. आपलंच फुलपाखरू परत येईल असं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी येतं. ज्याने कुणी हे योजलं त्याला मुलं कळत होती.

आता महाराष्ट्रात येऊ.

इथे दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत आणि त्या एकमेकींपेक्षा फार वेगळ्या आहेत. पहिली फलटणची. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत कॉम्प्युटर बसवला, हे बहुतेकांनी ऐकलंय. ‘होल इन द वॉल’. पुढे आपल्या सिंधुदुर्गातही असे कॉम्प्युटर बसले. मुलं आपली आपण शिकतात, मोठ्यांनी फक्त बाजूला व्हावं, असा त्यांचा दावा. दावा मोठा होता आणि टीकाही तेवढीच झाली. पायल अरोरा या संशोधिकेने २०१० मध्ये लिहिलं की उत्तराखंडात बसवलेली अशी केंद्रं तिला बंद पडलेली दिसली आणि गावात त्यांची फारशी आठवणही नव्हती. भिंतीतल्या यंत्राची मालकी कुणाचीच नसते. सार्वजनिक नळाचं जे होतं तेच त्याचं होणार.

पण मित्रांनाच पुढे एक गोष्ट सापडली. मुलांच्या मागे उभं राहून नुसतं "अरे वा, हे कसं केलंस रे?" म्हणणारं माणूस असलं तर मुलं जास्त शिकतात. म्हणजे आजी! २००९ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या ‘गार्डियन’मधून आवाहन केलं. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आणि वेबकॅम आहे अशा आज्यांनी आठवड्यातला एक तास भारतातल्या मुलांना द्यावा. बऱ्याच जणी पुढे आल्या, त्यांत निवृत्त शिक्षिका पुष्कळ. त्याचं नाव पडलं ‘ग्रॅनी क्लाउड’. २०१३ मध्ये मित्रांना टेडचं दहा लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, त्यातून सात प्रयोगशाळा निघाल्या, पाच भारतात आणि दोन इंग्लंडमध्ये. भारतातल्या पाचांपैकी एक फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत.

फलटणच का, याचं कारण महत्त्वाचं आहे. ही संस्था मॅक्सीन बर्नसन यांची. अमेरिकेतून आलेल्या, मराठीच्या अभ्यासक, फलटणला राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. गरीब वस्तीतल्या मुलांना आधी स्वतःच्या भाषेत, मराठीत, पक्कं वाचता-लिहिता यावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे पडद्यावरची आजी जिथे आली तिथे जमीन आधीच नांगरलेली होती. पडदा बंद झाला तरी वर्ग चालू राहणार होता. सुंदरबनातल्या कोराकाटीला असंच केंद्र उभं राहिलं, पण तिथे वीज आणि इंटरनेट टिकवण्यातच दम निघाला. माणसं सारखीच उत्साही, पैसे त्याच पारितोषिकातले. फरक पडला तो तारेने आणि आधीच्या तीस वर्षांच्या कामाने.

दुसरी गोष्ट रणजितसिंह डिसले यांची. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातलं परितेवाडी. २००९ मध्ये ते तिथल्या जिल्हा परिषद शाळेत आले तेव्हा शाळेच्या एका बाजूला गोठा होता. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालायची कल्पना त्यांनी आपल्या वर्गात राबवली आणि पुढे राज्याने ती उचलली. आज पालघरच्या कुठल्याही पोराच्या दप्तरातलं पुस्तक उघडलं तरी तो चौकोन दिसतो. ३ डिसेंबर २०२० ला लंडनहून ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ही बातमी आली तेव्हा शाळांना कुलपं होती. त्या वर्षात मास्तर लोकांबद्दल काहीतरी बरं ऐकायला मिळालं याचंच आम्हाला अप्रूप.

क्यूआर कोड गाजला, पण माझ्या विषयाला जवळचं आहे ते त्यांचं दुसरं काम. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावायच्या. सहा आठवडे त्यांनी मिळून काम करायचं, सादरीकरणं करायची, आपल्यात सारखं काय आहे ते शोधायचं. पारितोषिकाच्या वेळी आठ देशांतल्या १९,००० मुलांचा आकडा दिला गेला. हे न्यूयॉर्क-मॉस्कोच्या १९८८ च्या धाग्याचंच पुढचं टोक आहे, फक्त या खेपेला धागा माढा तालुक्यातून निघाला.

आकड्यांबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. १९,००० हा आकडा पारितोषिकवाल्यांना लागतो, त्याशिवाय बातमी होत नाही. मला त्यातली एक जोडी हवी आहे. सहा आठवड्यांनंतर त्या दोघांचं काय झालं? मॉस्को-न्यूयॉर्कच्या मुलांना आज पन्नाशी आली असेल. मधल्या काळात देश मोडले, नवे झाले, पुन्हा युद्धं पेटली. मुलांच्या मैत्रीने युद्ध थांबत नाही हे मला कळतं, तशी अपेक्षा करणंही मुलांवर अन्याय आहे. पण युद्धाच्या बातमीत ज्या शहराचं नाव येतं तिथला एक माणूस तुम्हाला नावाने ठाऊक असला, तर ती बातमी तुम्ही वेगळी वाचता. एवढं नक्की होतं, आणि एवढं पुष्कळ आहे.

२०२० चं मी वर म्हटलं. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ असा सरकारी कार्यक्रम होता. त्या दोन वर्षांत सगळ्या शाळा ऑनलाइन गेल्या असं आपण म्हणतो, पण या लेखाच्या दृष्टीने त्यात सहयोग जवळपास नव्हताच. मास्तर बोलायचे, मुलं (फोन असेल आणि रेंज असेल तर) ऐकायची. फ्रेनेने बोलता येत नाही म्हणून जे सोडलं होतं, ते आपण यंत्र लावून परत आणलं. जव्हार-मोखाड्याकडे तर शिक्षकच वह्या-कागद घेऊन पाड्यावर गेले.

आणि पाड्यावर जाणं ही तर आमच्या जिल्ह्याची जुनी विद्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं चारायला गेली असतील तर कुरणात न्यायची. शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या हेच साहित्य. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं इटलीहून आणायची गरज नाही, समुद्र दारात आहे, असा तो हिशेब. डहाणूच्या बाजूला कधी गेलात तर कोसबादची टेकडी जरूर चढा. आता हे सगळं ऑनलाइनच्या गोष्टीत कशाला, असं वाटेल. पण माझ्या मते दुसऱ्या शाळेला काही सांगायचं तर आधी आपल्या अंगणात काय आहे ते हातात घेऊन बघितलेलं असावं लागतं. कोसबादची मुलं त्रेगंकच्या मुलांना उत्तम पत्र लिहू शकली असती.

भाषेचं काय, हा भाचीचा दुसरा प्रश्न होता, आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. परदेशी शाळेशी जोडून घ्यायचं तर इंग्रजी आली. मग होतं असं की वर्गातली एक-दोन हुशार पोरं पुढे बसतात, पाठ केलेली चार वाक्यं बोलतात, बाकीची मागे उभी राहून हसतात. मराठीतून जोडावं म्हटलं तर अमेरिकेतल्या मराठी शाळा आहेत, तिथे आपल्यापैकी कुणाकुणाची नातवंडं शनिवार-रविवारी जातात. पण गंमत बघा, पाड्यावरच्या मुलांची घरची भाषा वारली, अमेरिकेतल्या मुलांची घरची भाषा निम्मी इंग्रजी, आणि दोघंही पुस्तकातल्या मराठीत एकमेकांशी बोलणार. दोघांनाही ती जरा परकीच. खरं सांगायचं तर मला यात गैर काही दिसत नाही. दोन्हीकडचे अडखळतील. आजवरच्या अशा बहुतेक कार्यक्रमांत अडखळायचं काम फक्त आपल्याकडच्यांनी केलंय.

आणखी एक गोष्ट मला छळते, ती म्हणजे या सगळ्याचं उरलं काय. ‘थिंकक्वेस्ट’ नावाची स्पर्धा होती, १९९६ पासून. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांनी गट करून मिळून वेबसाइट तयार करायची. हजारो साइट जमल्या होत्या, अक्षरशः मुलांनी लिहिलेला ज्ञानकोश. २०१३ मध्ये ती बंद झाली आणि साइटही गेल्या. स्काइपने २०११ मध्ये शाळांसाठी खास सोय काढली होती. त्यात दोन वर्ग एकमेकांना फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारून पलीकडचं गाव ओळखायचा खेळ खेळत. किती वर्ग हा खेळ खेळले असतील! ५ मे २०२५ ला स्काइपच बंद झालं. आपल्यातल्या ज्यांची पानं जिओसिटीजवर होती त्यांना २००९ आठवत असेल. उलट फ्रेनेच्या आणि त्याच्या मागून आलेल्या शाळांची छापील वर्तमानपत्रं फ्रान्समधल्या संग्रहांत जपून ठेवलेली आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासूनचं, त्याचे जुने अंक आज कुणालाही बघता येतात. कारण ते आधी कागदावर होते. म्हणून भाचीला मी एक गोष्ट निक्षून सांगितली. जे काही कराल त्याची एक प्रत वहीत उतरवा आणि वही शाळेच्या कपाटात ठेवा. वाळवी परवडली, कंपनी बंद पडणं परवडत नाही.

मग करायचं काय? मी बरंच चाळून एक जुना प्रकल्प निवडला, दुसऱ्या ढिगातला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटने ‘नून डे’ नावाने तो शाळांसाठी चालवला होता. मूळ कल्पना इरॅटोस्थेनिसची, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधली. दोन लांबच्या गावांत एकाच दिवशी भर दुपारी काठीची सावली मोजायची, आणि त्यावरून पृथ्वीचा घेर काढायचा. एका शाळेला हे जन्मात जमणार नाही. दोन शाळांना एका दुपारात जमतं.

आणि आमचं नशीब बघा. नकाशा उघडला तर केळव्याच्या जवळपास सरळ उत्तरेला अहमदाबाद. रेखांशात नाममात्र फरक, दोघांची खरी दुपार मिनिटाभराच्या आत. अक्षांशात साधारण ३.४ अंशांचा फरक आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३८० किलोमीटर. २१ मार्चला घड्याळात पावणेएकच्या सुमारास सूर्य सर्वांत वर येतो. (बारा वाजता नाही! आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. हाच एक अख्खा धडा होतो.) त्या वेळी एक मीटरच्या काठीची सावली आपल्याकडे साडेपस्तीस सेंटीमीटरच्या आसपास पडेल, अहमदाबादेत साडेबेचाळीसच्या. सावलीवरून कोन काढायचा. मोठ्या कागदावर काठी आणि सावली प्रमाणात काढून कोनमापकाने मोजला तरी चालतो. दोन कोनांतला फरक ३६० चा कितवा भाग आहे ते बघायचं आणि तितक्या पटीने ३८० ला गुणायचं. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास यायला हवं.

येईलच असं नाही. एका बाजूचं माप सेंटीमीटरभर चुकलं तरी उत्तर पाच ते सात हजार किलोमीटरनी इकडेतिकडे जातं. काठी तिरपी असली, जमीन उताराची असली तरी तेच. मग दोन्हीकडच्या पोरांना एकमेकांना विचारावं लागेल, तुमची काठी ओळंब्यात होती का, तुम्ही सावलीचं टोक कुठे धरलंत. मला या प्रकल्पात सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती या भांडणाची. त्याला भाषा फारशी लागत नाही, आकडे पुरतात. शून्य सावलीचा दिवसही सुचला होता, पण आपल्याकडे तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो तेव्हा शाळेला सुट्टी, आणि जुलैच्या शेवटाकडे परत येतो तेव्हा आकाश भरलेलं. कोकणात हे असं. मार्च त्यातल्या त्यात बरा, ऊन खात्रीचं.

भाचीची शाळा केळव्यापासून थोडी पूर्वेला आहे, त्याने काही बिघडत नाही, अक्षांश तोच. व्हिडिओचीही गरज नाही. सावलीचा आकडा साध्या मेसेजवर जातो, रेंज आली की. एका काठीला ओळंबा लावायला गावातला गवंडी तयार आहे. आता हवी आहे ती पलीकडची शाळा. आपल्या नातेवाइकांत बडोद्यापलीकडे राहणारी दोन-तीन घरं आहेत, त्यांनी हे वाचलं असेल तर मनावर घ्या. अहमदाबादेत कुणाच्या ओळखीची शाळा असेल, गुजराती माध्यमाची चालेल, सरकारी असली तर उत्तम, आणि तिथे एखादी उत्साही शिक्षिका किंवा शिक्षक असेल, तर मला फोन करा. तिथल्या पटांगणात २१ मार्चला पावणेएक वाजता झाडाची सावली येत नाही ना, एवढं फक्त आधी बघून ठेवा.